‘मैत्री’ आणि गोपनीयता : किशोरवयीन आरोग्यसेवेच्या धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना :

किशोरावस्था हा बालपण आणि प्रौढत्व यांना जोडणारा कालखंड होय. जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ हे वय किशोरवयीनांचे, १५ ते २४ हे युवकांचे आणि १० ते २४ हे एकत्रितपणे तरुण व्यक्तींचे मानले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात १० ते १९ या वयोगटातील व्यक्तींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख होती. म्हणजे दर पाच भारतीयांत एक. एवढा मोठा समूह असूनही वैद्यकशास्त्राच्या आणि शासनाच्या दृष्टीने तो बराच काळ अदृश्य राहिला. याचे एक कारण असे की हा वयोगट मृत्यूच्या आकडेवारीत लहान बालके व वृद्ध यांच्या तुलनेत कमी दिसतो. आणि ज्याचा मृत्यू मोजावा लागत नाही त्याचे आजारपणही मोजले जात नाही.

मराठी भाषेने मात्र या वयाची नोंद पूर्वीपासून घेतली आहे. मुलगी वयात आली की तिला ‘न्हाण येते’, ‘पदर येतो’, ती ‘शहाणी होते’. मुलाला ‘मिसरूड फुटते’. मुलीविषयीचे शब्दप्रयोग पाहिले तर ते शरीरातील बदलाचे आहेत तितकेच त्या बदलाच्या जाहीर वार्तेचे आहेत. घराने, नात्यागोत्याने आणि गावाने घ्यावयाची ती दखल आहे. मुलाच्या वाट्याला एक दिसणारी खूण येते आणि पुढची सारी वर्षे ‘गद्धेपंचविशी’ या एका शब्दात उरकली जातात. (या वयाची मर्यादा २४ पर्यंत वाढवावी, असे ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकातून २०१८ मध्ये मांडले गेले, मराठी म्हणीने पंचविशीचा हिशेब त्याआधीच केला होता, हे गमतीचा भाग म्हणून नमूद करता येईल.) या संपूर्ण शब्दसंग्रहात वयात आलेल्या व्यक्तीला स्वतःच्या शरीराविषयी काही विचारावयाचे असेल, तर त्यासाठीचा शब्द आढळत नाही. तिच्याविषयी बोलले जाते, तिच्याशी नव्हे.

किशोरवयीनांच्या विशेष आरोग्यसेवेची चिकित्सा या ठिकाणापासून सुरू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात भारत सरकारच्या किशोरवयीन आरोग्यविषयक धोरणाकडे एकाच निकषावर पाहिले आहे : वयात येणाऱ्या व्यक्तीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सेवा देणारा गुप्त ठेवू शकतो काय? हा निकष एकांगी वाटण्याचा संभव आहे. तथापि इतर सर्व सोयी त्यावरच अवलंबून आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विशेष सेवा म्हणजे काय?

किशोरवयीनांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विभाग ही कल्पना आधुनिक आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील बालरुग्णालयात डॉ. जे. रॉसवेल गॅलघर यांनी १९५१ मध्ये असा विभाग सुरू केला. त्यांच्या विचारातील क्रांतिकारक भाग यंत्रसामग्रीचा नव्हता. रुग्ण म्हणून आईबापांशी बोलण्याऐवजी त्या मुलाशी बोलावे, त्याला वेगळे भेटावे, त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे, एवढाच तो होता. पुढे १९६८ मध्ये या शाखेच्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये कर्करोगग्रस्त किशोरांसाठी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० मध्ये स्वतंत्र कक्ष उघडला गेला. तिथेही मूळ प्रश्न औषधाचा नव्हता. सोळा वर्षांच्या मुलाला एकतर चित्रे रंगवलेल्या बालकक्षात ठेवले जाई किंवा आजोबांच्या वयाच्या रुग्णांमध्ये, आणि दोन्हीकडे तो एकटाच असे.

भारतातील अनेक शासकीय रुग्णालयांत बालरोग विभागाची वयोमर्यादा दीर्घकाळ बारा वर्षांची राहिली. तेरा वर्षांच्या मुलीला ताप आला तर तिची खाट स्त्रियांच्या सर्वसाधारण कक्षात, साठीच्या बाईंच्या शेजारी. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने अठरा वर्षांपर्यंतची मुले बालरोग विभागाकडे असावीत अशी भूमिका घेतली आहे, परंतु खाटांची संख्या आणि जुने नियम यांच्यापुढे ती सर्वत्र टिकत नाही.

मराठीतील एक पूर्वपीठिका :

या संदर्भात प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या कार्याचा विचार सहसा केला जात नाही. संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि तेथेच ते थांबते. कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले, जे १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले.

या मासिकातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर आरोग्यसेवेच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वाचक पत्राने प्रश्न पाठवीत, कर्वे नाव न देता त्याचे सरळ उत्तर देत. विचारणाऱ्याला डॉक्टरच्या दवाखान्याची पायरी चढावी लागत नसे, ओळखीच्या माणसाच्या नजरेस पडावे लागत नसे, आणि उत्तरात उपदेशाची झालर नसे. पोस्टाच्या पाकिटाने जी गोपनीयता दिली ती त्या काळच्या कोणत्याही दवाखान्याला देता आली नसती. हे वाचक साक्षर होते आणि बहुधा प्रौढ पुरुष होते, ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येते की मराठीत विश्वासावर चालणारा लैंगिक आरोग्याचा पहिला सल्लाकक्ष कागदावर उघडला गेला. आणि खटला भरला गेला तो याच उत्तरांवर. १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला व दंड झाला. प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरला नाही, उत्तर देणे ठरले. उत्तर देणाऱ्यावर कायद्याची टांगती तलवार ठेवण्याची ही रीत पुढेही आढळते.

धोरणाचा आराखडा :

स्वातंत्र्योत्तर काळात किशोरवयीनांचा विचार प्रामुख्याने माता-बाल आरोग्याच्या पोटात झाला. २००५-०६ च्या सुमारास प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात किशोरवयीनांच्या प्रजनन व लैंगिक आरोग्यासाठी स्वतंत्र धोरण आले व ‘किशोरस्नेही’ दवाखान्यांची कल्पना रुजू लागली. त्याच सुमारास शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आखला गेला. तो २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीच्या नावाखाली रोखला. ज्या राज्याने कर्वे दिले त्याच राज्याने हे करावे, ही विसंगती त्या वेळी पुरेशी चर्चिली गेली नाही.

७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, दुखापती व हिंसा, व्यसनाधीनता आणि असंसर्गजन्य आजार अशी सहा क्षेत्रे त्यात एकत्र आणली गेली. विवाहित-अविवाहित, शाळेतील-शाळाबाह्य, मुलगे-मुली या सर्वांना त्यात स्थान आहे. मुलग्यांच्या आरोग्याचा एवढा स्पष्ट उल्लेख यापूर्वीच्या धोरणांत नव्हता. दवाखान्यात बसून वाट पाहण्याऐवजी वस्तीपर्यंत जावे, ‘साथिया’ नावाच्या समवयस्क शिक्षकांमार्फत बोलावे, हा त्यातील बदल निःसंशय योग्य दिशेचा आहे. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करण्याची जोडही त्याला मिळाली.

प्रत्यक्षात मात्र या कार्यक्रमाचा सर्वांत ओळखीचा चेहरा म्हणजे आठवड्याची निळी गोळी. लोह व फॉलिक आम्लाच्या या गोळीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५४.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्क्यांवर गेले; महाराष्ट्रात ते ५७.२ टक्के होते. शिरेतील रक्त तपासणाऱ्या २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींत हेच प्रमाण ४० टक्के आढळले. वयोगट आणि तपासणीची पद्धत वेगळी असल्याने या दोन आकड्यांची सरळ तुलना होत नाही. गोळी वाटणे आणि मोजणे सोपे आहे म्हणून ती कार्यक्रमाचे प्रतीक झाली. जी मुलगी गोळीने पोटात मळमळते म्हणून ती खिडकीबाहेर टाकते, तिच्या मासिक पाळीत रक्तस्राव किती होतो हे विचारणारा कोणी असेल तरच त्या आकड्याला अर्थ येईल.

हे विचारण्याची जागा म्हणजे महाराष्ट्रातील ‘मैत्री’ केंद्रे. ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांतून चालणाऱ्या या किशोरस्नेही दवाखान्यांना दिलेले हे नाव सुंदर आहे. पण नावाने एक वचन दिले आहे आणि मैत्रीची पहिली अट गुपित सांभाळणे ही असते. केंद्राकडे जाण्याचा मार्ग मात्र केस पेपरच्या खिडकीवरून जातो. नाव, वय, गाव मोठ्याने सांगावे लागते. रांगेत गावातलेच कोणी असते. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत येण्यासाठी मुलीला घरी कारण सांगावे लागते व एसटीचे पैसे मागावे लागतात. दवाखान्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. गावातील आशा सेविका ही या व्यवस्थेतील सर्वांत जवळची व्यक्ती. परंतु ती अनेकदा शेजारीण, चुलती वा मावशी असते. जवळीक हेच तिचे बळ आणि हीच तिची अडचण. सेवा ‘उपलब्ध’ असण्याची व्याख्या इमारत व नियुक्त समुपदेशक यांवर थांबली की या गोष्टी अहवालात दिसत नाहीत.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दवाखाना असणे आणि तेथे जाऊन बोलता येणे यांतील अंतर या दोन आकड्यांत मावले आहे. पुढे ‘सर्च’ संस्थेने तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे सुरू केली, ती याच अनुभवाच्या पुढची पायरी मानावी लागते.

कायदा आणि गुपित :

धोरणातील खरा पेच मात्र खिडकीचा किंवा वेळेचा नाही. ते दोष प्रशासकीय आहेत व इच्छा असल्यास दूर होतील. पेच कायद्याचा आहे.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, ‘पॉक्सो’ नावाने परिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आणि संमतीचे वय, जे पूर्वी सोळा होते, ते अठरा झाले. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला ज्ञात आहे त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. डॉक्टर, समुपदेशक व शिक्षक यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. या तरतुदीमागील हेतूविषयी शंका घेता येणार नाही. घरातील व संस्थांतील अत्याचारांवर मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षे पांघरूण घातले, त्यातून ती जन्मली. मूल सांगते आणि मोठे दडपतात, या अनुभवावर सक्तीच्या तक्रारीखेरीज दुसरा उपाय सुचणे कठीण होते.

परंतु सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मुलाशी असलेल्या संबंधांतून आलेली शंका घेऊन ‘मैत्री’ केंद्रात आली, तर समुपदेशकासमोर दोन शासकीय आदेश एकाच वेळी उभे राहतात. एक म्हणतो, गोपनीयता राख. दुसरा म्हणतो, पोलिसांना कळव. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये किशोरवयीनांच्या सेवेसाठी जी आठ मानके सांगितली त्यांत खाजगीपणा व गोपनीयता यांचा समावेश आहे. भारतीय समुपदेशकाला ते मानक वाचता येते, पाळता येत नाही. व्यवहारात तो काय करतो? बहुधा प्रश्न विचारणेच टाळतो. जे ज्ञात नाही ते कळवावे लागत नाही. अशा रीतीने मुलाला बोलते करण्यासाठी काढलेल्या खोलीत न विचारणे हीच सुरक्षित वागणूक ठरते, आणि तिचा तोटा त्या मुलीलाही होतो जिच्यावर खरोखरच अत्याचार झाला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या गर्भपातविषयक निकालात या कोंडीची दखल घेतली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची डॉक्टरला गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकालाचे स्वागत झाले व ते योग्यच होते. मात्र त्याची व्याप्ती बारकाईने वाचावयास हवी. सवलत गर्भपातापुरती आहे; गर्भनिरोधक साधनांचा सल्ला, गुप्तरोगाची तपासणी किंवा नुसती भीती यांविषयी तो बोलत नाही. विनंती मुलीने आणि पालकाने मिळून करावयाची आहे. म्हणजे गुपित पोलिसांपासून राखता येईल, घरापासून नाही. ज्या मुलीला घराचीच धास्ती आहे तिच्यासाठी दार पूर्वीइतकेच बंद आहे. पुढे २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करू नये असा अभिप्राय दिला. वयाच्या वादात पडल्याशिवायही सेवा देणाऱ्याच्या गोपनीयतेचा प्रश्न वेगळा सोडविता येईल, ही शक्यता सार्वजनिक चर्चेत अजून नीट मांडली गेलेली नाही. वय अठराच ठेवून, समवयस्कांमधील संमतीच्या संबंधांबाबत आरोग्यसेवकाला तक्रारीच्या सक्तीतून वगळणे हा विचार त्या दिशेचा आहे.

विवाहित किशोरींची स्थिती आणखी चमत्कारिक आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाला होता, असे २०१९-२१ चे सर्वेक्षण सांगते. अशी मुलगी गरोदर राहिली की आरोग्ययंत्रणेच्या नोंदवहीत ती ‘माता’ होते. तिचे किशोरपण त्या रकान्यात संपते. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कार ठरला. न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यक होते. पण प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या कुटुंबापुढे वय खोटे सांगणे किंवा न येणे असे दोनच पर्याय उरतात, आणि त्या गर्भारपणाची जोखीम मुलीच्याच शरीरावर पडते.

कायद्यांमधील विसंगती एका उदाहरणाने स्पष्ट होते. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या कायद्याने बाधित कुटुंबातील बारा वर्षांवरील पुरेशा समज असलेल्या मुलाला आपल्या धाकट्या भावंडाचा पालक म्हणून, त्याच्या उपचारांसह काही बाबतींत, निर्णय घेण्याची मुभा दिली आहे. चौदा वर्षांची बहीण धाकट्या भावाच्या औषधोपचारासाठी पालक होऊ शकते. तिच्या स्वतःच्या उपचारांना संमती कोणी द्यावयाची, याचे स्पष्ट व सर्वंकष उत्तर मात्र कोणताही एक कायदा देत नाही. समज वयाने येते की जबाबदारीने, याविषयी कायद्याचेच मत निश्चित नाही.

गोपनीयतेचा प्रश्न लैंगिकतेपुरता मर्यादित नाही. विदर्भ व नंदुरबार परिसरातील आदिवासी व अन्य समाजांत आढळणारा सिकलसेल हा आजार त्याचे दुसरे रूप दाखवितो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अभिप्रेत आहे आणि तपासणीचे निष्कर्ष सांगणारे कार्ड विवाहपूर्व सल्ल्यासाठी दिले जाते. वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे : दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पण ते कार्ड शाळेच्या तपासणीत मुलीच्या हाती पडते आणि तेथून घरात, मग सोयरिकीच्या बैठकीत पोचते. वाहक मुलीला स्वतःला कोणताही आजार नसतो. तरी पोरीत खोट आहे, असे बोलले जाण्यास तेवढे पुरते. आजारी मुलाची अडचण निराळी. लहानपणापासून ज्या बालरोगतज्ज्ञाने त्याची दुखणी पाहिली त्याच्याकडून तो एका वाढदिवसाला प्रौढांच्या विभागात जातो. तेथे नवा डॉक्टर आणि नवा केस पेपर असतो; पूर्वीचा इतिहास आईच्या पिशवीत राहिलेला असतो. पाश्चात्त्य रुग्णालयांत या संक्रमणाची तयारी काही वर्षे आधीपासून केली जाते व त्यात रुग्णाला स्वतःचा आजार स्वतःच्या शब्दांत सांगण्यास शिकविले जाते. हे करण्यास फार पैसा लागत नाही, वेळ लागतो. शासकीय बाह्यरुग्ण विभागात नेमका तोच नसतो.

एकोणिसाव्या वर्षानंतर :

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षी संपतो. पदवी अभ्यासक्रमाला असलेला बहुसंख्य विद्यार्थिवर्ग त्यामुळे मधल्या पट्ट्यात सापडतो. तो किशोर नाही, आणि प्रौढांसाठीच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीला अजून दहा वर्षे लहान आहे. वसतिगृहातील खानावळ, स्पर्धा परीक्षा, व्यसन, तुटलेले प्रेमसंबंध, गावाकडची शेती या साऱ्यांचा भार याच वर्षांत येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या व राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र पहिला होता. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. पाकिटाऐवजी दूरध्वनी आला, एवढ्यापुरती ती कर्व्यांच्या सदराच्या कुळातली आहे, आणि चेहरा न दाखविता बोलता येणे हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि केलेल्या कामाच्या नोंदी नावे वगळून ठेवून वार्षिक अहवाल द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. पहिल्या निर्देशाची पूर्तता नियुक्तिपत्राने होईल. दुसरा निर्देश अधिक कठीण आहे. मूल्यांकनाच्या तयारीत असलेल्या महाविद्यालयांत कोणताही उपक्रम लाभार्थ्यांच्या नावांची यादी, त्यांच्या स्वाक्षऱ्या आणि स्थळ-वेळ दाखविणारी छायाचित्रे यांशिवाय घडला असे मानले जात नाही. समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या दालनाला लागून असतो, कारण तेथेच एक खोली रिकामी असते. त्या खोलीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव कोठेही लिहिले जाणार नाही आणि तिच्या दारावर कॅमेरा राहणार नाही, हे ठरविण्यासाठी महाविद्यालयाला कोणत्याही निधीची किंवा शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.